मिरवणूक गेली, आता कॅमेरा काढा

मोठा सार्वजनिक सोहळा असला, मिरवणूक म्हणा, मॅच जिंकल्याचा जल्लोष म्हणा, नवीन वर्षाची रात्र म्हणा, की फोटोवाल्यांची गर्दी कधी पांगते बघितलंय? आतषबाजीचा शेवटचा बार उडाला आणि स्टेजवरचे लाइट गेले की दहा मिनिटांत. बॅगा भरल्या, लेन्सला कॅप लावली, चला घरी. मला तर वाटतं कॅमेरा बाहेर काढायची वेळ तीच असते. ऐन भरात असताना फोटो काढूच नयेत असं माझं म्हणणं नाही, काढा की, पण त्यावेळी आजूबाजूला शेकडो लोक हात वर करून तेच काढत असतात, सगळ्यांच्या फ्रेममध्ये तीच उघडी बस, तोच हात हलवणारा माणूस, आणि मधे पुढच्याचा मोबाइल. मिरवणूक पुढे गेल्यावर त्याच रस्त्यावर कॅमेरा घेतलेले तुम्ही जवळजवळ एकटेच असता आणि समोर जे काही असतं ते कोणी फोटोसाठी मांडून ठेवलेलं नसतं.

आणि हो, मी हे सगळं ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काढते. त्याबद्दलच लिहायला बसलेय, कारण दरवेळी कोणीतरी विचारतंच की एवढा रंगीबेरंगी कार्यक्रम आणि तू रंगच काढून टाकतेस, डोकंबिकं फिरलंय का.

कारण साधं आहे हो. सोहळा संपतो पण रंग संपत नाहीत. पताका तशाच लटकत असतात, फुगे तसेच, रस्ताभर कॉन्फेटी, म्हणजे उधळलेले रंगीत कागदाचे तुकडे. रंगीत फोटोत डोळा आधी त्या लाल फुग्यावर जातो, मग पिवळ्या पताकेवर, मग दुसऱ्या फुग्यावर, आणि फुटपाथच्या कडेला बूट काढून तळपाय चोळत बसलेला बँडवाला सगळ्यात शेवटी दिसतो, दिसला तर. रंग ओरडत राहतात की अजून चालूच आहे, चालूच आहे. ते घालवले की बँडवाला पुढे येतो. ढोलाच्या पट्ट्याने खांद्यावर युनिफॉर्म कसा चुरगळलाय ते दिसतं, एक मोजा काढून दुसरा तसाच ठेवलाय ते दिसतं, शेजारी आडवा पडलेला ढोल आणि त्याच्यावर ठेवलेली पाण्याची बाटली दिसते. हे सगळं रंगीत फोटोतही होतंच की, पण तिथे त्याचा नंबर लागत नव्हता.

आता रंग काढणं म्हणजे नक्की काय होतं ते एकदा नीट बघून घेण्यासारखं आहे, कारण बरेच जण नुसतं सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, शून्यावर आणतात, फोटो मळकट दिसतो, आणि मग म्हणतात ब्लॅक अँड व्हाइट आपल्याला जमत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये असं केलं की भडक लाल, भडक हिरवा आणि भडक निळा तिन्ही अगदी एकसारखे मधले करडे होऊन बसतात. आपल्या डोळ्याला मात्र ते एकसारखे उजळ दिसत नाहीत, हिरवा सगळ्यात उजळ वाटतो आणि निळा सगळ्यात गडद. म्हणून टीव्हीच्या काळापासून चालत आलेल्या हिशोबात हिरव्याला साधारण ५९ टक्के, लालला ३० टक्के आणि निळ्याला फक्त ११ टक्के वजन दिलेलं आहे. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, म्हणजे ८९, म्हणजे जवळजवळ पांढराच. हे आकडे पाठ करायची गरज नाही पण रस्त्यावर पडलेल्या कॉन्फेटीकडे बघताना ते डोक्यात असले की मजा येते.

माझ्याकडे एक फोटो आहे, गटाराच्या लोखंडी जाळीचा. पाण्याचा टँकर रस्ता धुऊन गेला होता आणि वाहत आलेले सगळे कागदी तुकडे त्या जाळीवर येऊन अडकले होते. प्रत्यक्षात तो नुसता रंगांचा गोंधळ होता. काळ्या-पांढऱ्यात पिवळे तुकडे लख्ख झाले, निळे ओल्या लोखंडात मिसळून गायबच झाले, लाल आणि गडद हिरवे एकाच करड्यात जाऊन बसले, कोणता कुठला ओळखता येईना, आणि या सगळ्याच्या मधोमध एका लहान मुलाचा कागदी मुकुट, अर्धा लगदा झालेला, त्याची दोन टोकं मात्र अजून ताठ. हा मुकुट मला फोटो काढताना दिसलाच नव्हता, बाकीच्या रंगांत तो हरवला होता. घरी रंग गेल्यावर सापडला.

कोणता रंग किती उजळ दिसावा हे फिल्मवर काम करणारे लेन्सवर रंगीत काच लावून ठरवतात. पिवळी काच थोडा फरक पाडते, लाल काच आकाश पार काळं करते आणि लाल वस्तू उजळवते, पण लाल काचेने साधारण तीन स्टॉप प्रकाश जातो, एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, म्हणजे उरतो आठवा हिस्सा, त्यामुळे रात्रीच्या कामात तिचा विचार सोडूनच द्या. डिजिटलमध्ये रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, ठेवली असली की हे नंतर निवांत करता येतं, प्रत्येक रंगाचा स्लायडर वेगळा हलवायचा. कॅमेऱ्यात मोनोक्रोम प्रोफाइल लावून ठेवायचं, म्हणजे स्क्रीनवर दिसतं काळं-पांढरं आणि रॉ फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. डोळ्याला सवय लागते त्याने. नुसते काळे-पांढरे काढणारे कॅमेरेही मिळतात, लायकाने २०१२ मध्ये एम मोनोक्रोम आणला तो फुल फ्रेममधला, म्हणजे ३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेल्यांतला, पहिला, आणि २०२३ मध्ये पेंटॅक्सनेही एक काढला, सेन्सरवरची रंगांची जाळीच नाही त्यामुळे तपशील जास्त आणि अंधारात नॉइज, म्हणजे फोटोवर येणारे बारीक ठिपके, कमी. पण मग रंगाचे स्लायडरही नाहीत, परत काचच लावा. ते काय आपल्या खिशाला झेपणारं प्रकरण नाही, पुढे जाऊ.

आता मला जे खरं बोलायचंय ते. काळ्या-पांढऱ्याची एक वाईट खोड आहे. ते कशालाही दुःखी करतं. रिकाम्या खुर्च्यांची रांग रंगीत असली तर ती आवरायची राहिलेली कामं असतात, तीच काळी-पांढरी केली की लगेच आयुष्य क्षणभंगुर वगैरे. थकलेला माणूस लगेच उद्ध्वस्त वाटायला लागतो. आणि उत्सवानंतरचे फोटो म्हटले की लोक मुद्दाम हेच शोधत फिरतात, फुटका फुगा, एकटा म्हातारा, लांबच लांब सावली, झाला फोटो, खाली दोन ओळी उदासपणाच्या. मला याचा कंटाळा आलाय आणि ते खोटंही आहे. तुम्ही खरंच तिथे थांबून बघा, मिरवणूक गेल्यावरचा रस्ता ओसाड नसतोच मुळी. तिथे फक्त पाळी बदललेली असते. नाचणारे गेले, आवरणारे आले. बॅरिकेड उचलणारे, वायरी गुंडाळणारे, खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत चढवणारे, झाडणारे, ड्युटी संपायची वाट बघत असलेले पोलीस. त्यांच्यात गप्पा चालू असतात, चेष्टामस्करी चालू असते, कोणीतरी उरलेली पिपाणी वाजवतं आणि सुपरवायझरच्या शिव्या खातं. हे रडकं कुठून झालं?

रघुबीर सिंग हे आपले मोठे फोटोग्राफर, १९९९ मध्ये गेले, ते आयुष्यभर रंगातच काम करत राहिले आणि त्यांनी त्यावर लिहिलंही, की पाश्चात्त्य काळ्या-पांढऱ्या फोटोग्राफीत जो एकाकीपणा आणि परकेपण भरलंय त्याच्याशी आपल्या बघण्याचं जमत नाही. मला त्यांचं सगळं पटत नाही, पटलं असतं तर मी हे काढलंच नसतं, पण खोड त्यांनी बरोबर पकडलेली आहे. ती माहीत असली की तिला आवर घालता येतो. मी काय करते तर फोटो मुद्दाम अंधारा करत नाही. सगळ्या ऍप्समध्ये ते नाट्यमय नावाचं एक बटण असतं, सावल्या काळ्याकुट्ट आणि कडा अंधाऱ्या, त्याच्या वाटेलाच जात नाही. उजळ करडे ठेवते, चेहरे दिसतील असे. आणि एकट्या माणसाची फ्रेम मिळाली तरी दोन पावलं मागे जाऊन त्याच्याबरोबर काम करणारे बाकीचेही फ्रेममध्ये येतात का बघते. बहुतेक वेळा येतात. तो एकटा नसतोच, आपणच त्याला एकटा कापलेला असतो.

चेहऱ्यावर रंग लावलेले लोक हा तर मोठाच सापळा. शेवटच्या बसची वाट बघत एक मुलगा बापाच्या खांद्यावर झोपलाय, गालावर टीमच्या लाल रंगाचे पट्टे, घामाने ओघळलेले. रंगीत फोटोत सरळ कळतं की दिवसभर मजा करून दमलंय पोर. तोच फोटो नेहमीच्या हिशोबाने काळा-पांढरा केला की लाल गडद करडा होतो, कातडी त्यापेक्षा उजळ राहते, आणि गालावर जखमा झाल्यासारखं दिसतं, बाप पोराला घेऊन कुठल्यातरी दंगलीतून पळतोय असं वाटावं इतकं. एकही गोष्ट बदललेली नाही आणि फोटोचा अर्थ पार उलटा. इथे लालचा स्लायडर वर नेऊन पट्टे कातडीच्या जवळ आणायचे, नाहीतर तो फोटो रंगीतच ठेवायचा. मी रंगीत ठेवते.

झाडणाऱ्या मावशींची एक गोष्ट सांगते. रात्री उशिरा, गर्दी बरीचशी पांगलेली, त्या एकट्याच एका बाजूने झाडत येत होत्या आणि त्यांच्या पुढे कॉन्फेटीची एक लाट सरकत होती. मी विचारलं, "मावशी, तुमचा एक फोटो काढू का?"

"माझा कशाला? त्या कचऱ्याचा काढ."

"नाही, तुम्ही काम करताय तसाच हवाय."

"मग थांब जरा, हातमोजे घालते. नाहीतर मुकादम बघेल आणि म्हणेल मोजे दिलेत ते कशाला."

आणि खरंच त्यांनी कमरेला खोचलेले हातमोजे काढून घातले, एक बोट फाटलेलं होतं ते आत दुमडून घेतलं, आणि मग झाडायला लागल्या. मला म्हणाल्या, सुका कागद झाडूच्या पुढे पळतो आणि ओला डांबराला चिकटून बसतो, टँकरवाले लवकर येऊन पाणी मारून जातात आणि मग आमच्या नशिबी खरवडणं. त्यांच्याकडे त्यासाठी पत्र्याचा एक तुकडा होता, एका बाजूने घासून गुळगुळीत झालेला. मी शटर १/८ सेकंदावर आणलं, कॅमेरा खांबाला टेकवला आणि त्या झाडू ओढून क्षणभर थांबतात तेव्हा दाबत गेले. झाडू आणि कागद नुसता धूर, त्या स्थिर, आणि ते दुमडलेलं बोट अगदी स्पष्ट. मग म्हणाल्या, दाखव. बघितलं आणि म्हणाल्या, रंग गेला का तुझ्या मशीनचा?

हातमोजे घातले म्हणजे फोटो "नैसर्गिक" राहिला नाही असं म्हणणारे शुद्धतावादी आहेत, मला माहितीये. असू देत. विचारून काढलेल्या फोटोत माणूस स्वतःला कसं दाखवू इच्छितो तेही येतं, आणि रात्री त्या वेळेला कोणाच्या कामाच्या ठिकाणी जाऊन न विचारता क्लिक करत सुटण्यात मला काही शौर्य वाटत नाही.

सोहळ्याकडे पाठ करून उभं राहायची आयडिया काही नवीन नाही. १२ मे १९३७, लंडन, सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक. फ्रेंच फोटोग्राफर ऑंरी कार्तिए-ब्रेसाँ तेव्हा २८ वर्षांचा, एका फ्रेंच सायंदैनिकासाठी फोटो काढायला गेलेला, आणि त्याने राजाकडे न बघता राजाला बघायला आलेल्या लोकांकडे कॅमेरा फिरवला. ट्रफाल्गर चौकातला त्याचा फोटो बऱ्याच जणांनी बघितला असेल, वरती कठड्यावर माणसं दाटीवाटीने बसलीयेत आणि खाली वर्तमानपत्रांच्या ढिगाऱ्यात एक माणूस गाढ झोपलाय. रात्रभर जागा अडवून बसलेला असणार आणि ऐन वेळी डोळा लागला. मला या फोटोतलं सगळ्यात काय आवडतं तर त्याची कीव येत नाही. हसू येतं. आणि वरचे लोक इतके गंभीर तोंडं करून बसलेत की मजा खालीच चाललीये असं वाटतं. काळा-पांढरा फोटो, थकलेला माणूस, आजूबाजूला कचरा, आणि तरी रडका नाही. जमतं म्हणजे.

इंग्लंडमध्येच पुढे टोनी रे-जोन्स या फोटोग्राफरने १९६० च्या दशकाच्या शेवटी जत्रा, मिरवणुका, समुद्रकिनारे असं फिरून काम केलं, त्याचं लक्ष नेहमी मुख्य कार्यक्रमाच्या कडेला. बिचारा १९७२ मध्ये तिशीतच गेला. त्याचा प्रभाव मार्टिन पार या दुसऱ्या इंग्रज फोटोग्राफरवर पडला, आज पार म्हटलं की भडक रंग आणि फ्लॅश आठवतो, पण १९७० च्या दशकात तो काळं-पांढरंच काढायचा. १९७७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाला २५ वर्षं झाली तेव्हा तिकडे गल्लोगल्ली मेजवान्या झाल्या, आणि यॉर्कशरमधल्या एलंड गावातला पारचा फोटो म्हणजे रस्त्यात मांडलेली टेबलं, पावसाने भिजलेली, आणि सगळे घरात पळालेले. सोहळा संपलाय की थांबलाय तेच कळत नाही. त्यातही हसूच.

उलट बाजूही आहे. ऑगस्ट १९४४, फ्रान्समधलं शार्त्र गाव जर्मनांच्या ताब्यातून नुकतंच मुक्त झालेलं, आणि युद्धाचे फोटो काढणाऱ्या रॉबर्ट कापाने काढलेला फोटो. डोकं भादरलेली एक बाई तान्हं बाळ छातीशी धरून चाललीये आणि भोवती गावकऱ्यांचा जमाव, त्यात हसणारे चेहरे. जर्मनांशी संबंध ठेवल्याबद्दल ती शिक्षा. मुक्तीचा आनंद आणि हे, दोन्ही एकाच रस्त्यावर. त्यामुळे सोहळ्यानंतर जे काही घडतं ते गमतीचंच असतं असं कोणी समजू नये, आणि १४ ऑगस्ट १९४५ चा, महायुद्ध संपल्याच्या जल्लोषातला, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधला तो खलाशाच्या चुंबनाचा फोटो घ्या, आयझेनस्टाटचा, वर्षानुवर्षं तो आनंदाचा फोटो म्हणून मिरवला गेला आणि त्यातली बाई म्हणून ओळख पटलेल्या महिलेने पुढे सांगितलं की चुंबन घ्यायचं हे तिने ठरवलेलं नव्हतं, तो माणूस आला आणि त्याने धरलं. जल्लोषात काय काय खपून जातं. कॅमेऱ्यासमोर उभं राहून आपण दरवेळी आनंदच टिपतोय असं गृहीत धरलं की असं होतं.

बरं आता प्रकाशाचं, कारण रात्री हाच घोळ असतो. कार्यक्रमाचे मोठे लाइट गेल्यावर उरतात रस्त्यावरचे दिवे. आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता १६००, लेन्सचं भोक एफ २, शटर १/६० सेकंदाच्या आसपास धरून चाला आणि तिथून वरखाली करा. मी आयएसओ ३२०० ला सरळ जाते, दाण्याची, म्हणजे फोटोवर दिसणाऱ्या बारीक कणांची, भीती बाळगत नाही. फिल्मच्या काळात लोक ट्राय-एक्स ही आयएसओ ४०० ची फिल्म १६०० ला पुश करायचे, म्हणजे १६०० ची असल्यासारखी वापरून जास्त वेळ डेव्हलप करायचे, अजूनही करतात, त्यात दाणा वाढतो आणि सावल्यांतला तपशील जातो. दाणा गेला उडत पण सावल्यांतला तपशील गेला तर आपल्या विषयात पंचाईत होते, कारण उरलंसुरलं सगळं तिथेच पडलेलं असतं, फुटपाथच्या कडेला, बाकाखाली, स्टेजच्या मागे.

जिथे अजून जुने पिवळे सोडियमचे दिवे आहेत तिथे तर ब्लॅक अँड व्हाइटला पर्यायच नाही. त्यातला जो लो-प्रेशर प्रकार असतो त्याचा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे त्या प्रकाशात रंग ओळखूच येत नाहीत. लाल फुगा तपकिरी, निळा काळा. रंगांचा तोल सावरणारा व्हाइट बॅलन्स कितीही फिरवा, जे नाहीच ते येणार कुठून. फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचा, म्हणजे चॅनेलचा, बनलेला असतो आणि अशा दिव्याखाली निळ्या चॅनेलमध्ये नॉइजशिवाय काही नसतं, त्यामुळे कन्व्हर्ट करताना निळा खाली आणि लाल वर असं केलं की फोटो एकदम स्वच्छ होतो. ही एक युक्ती कळली तर रात्रीचे निम्मे फोटो वाचतात. एलईडी दिव्यांखाली हा त्रास नाही, पण तिथे सावल्या कडक पडतात, एका डोक्याला दोन-दोन.

कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर विसंबू नका. कॅमेरा समोर दिसेल ते सरासरी मधल्या करड्यावर आणायला बघतो, त्यामुळे पांढऱ्या कागदांनी भरलेला रस्ता पूर्ण फ्रेममध्ये घेतला की फोटो काळपट येतो, तिथे एक स्टॉप वाढवा. आणि ओला काळा रस्ता असला तर उलट, कमी करा, नाहीतर डांबर राखाडी होऊन दिव्यांची प्रतिबिंबं फुटतात. पहाटे उजाडायला लागलं की मी फोकसची झंझट सोडून देते. ३५ एमएमची लेन्स, एफ ८, फोकस ३ मीटरवर लावून टाकायचा, फुल फ्रेमवर साधारण २ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं व्यवस्थित येतं. मग फक्त बघायचं आणि दाबायचं. २८ असेल तर अजून सोपं. झूम घेऊन जाऊ नका, लांबून काढलेले सफाई कामगारांचे फोटो बघितले की मला सीसीटीव्ही आठवतो.

वेळेचं म्हणाल तर पहिला अर्धा तास लोक परत जात असतात, त्यात चप्पल हरवलेले, मित्र हरवलेले, फोनची बॅटरी संपलेले असे भारी नमुने मिळतात. त्यानंतर आवरणाऱ्यांची पाळी. मला सगळ्यात आवडतो तो त्यातलाही शेवटचा तुकडा, रस्ता वाहतुकीला खुला करतात तो. अजून अर्ध्या भागात कागद पडलेत, बॅरिकेड एका बाजूला रचलेत आणि पहिली रिकामी बस त्यातून जाते, तिच्या चाकांमागे कॉन्फेटी उठते. ते एकदाच होतं, दुसऱ्या बसला कागद उडालेला असतो. बायकांनी रात्रीच्या वेळी एकटीने फिरू नये वगैरे सल्ले मी देणार नाही, पण एक मैत्रीण बरोबर असली तर बरं पडतं, एक फोटो काढते, दुसरी आजूबाजूला बघते. आणि झिंगून पडलेल्यांचे फोटो नकोच. झोपलेल्या माणसाला विचारता येत नाही, आणि कार्तिए-ब्रेसाँचा तो गाढ झोपलेला माणूस उद्या सकाळी मोबाइलवर स्वतःचा फोटो व्हायरल झालेला बघणार नव्हता. चेहरा दिसत नसेल तर ठीक, दिसत असेल तर मी सोडून देते. लहान मुलं असतील तर आईबापांना विचारते, बहुतेक वेळा हो म्हणतात आणि मग फोटो पाठव म्हणून नंबर देतात. नंबर घेतला तर पाठवायचा, एवढं पाळा म्हणजे झालं.

निवडताना मी एक गोष्ट कटाक्षाने बघते, वस्तूंचे फोटो किती आणि माणसांचे किती. पडलेल्या वस्तू काढणं सोपं, त्या हलत नाहीत, बोलत नाहीत, आणि काळ्या-पांढऱ्यात सगळ्याच कलात्मक दिसतात, चिरडलेला पेला सुद्धा. त्यामुळे घरी आल्यावर कार्डात त्याच भरलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच मी उडवते. ठेवायचीच वस्तू तर जिला कोणाचा तरी हात लागलेला कळतो अशी, घडी घालून खिळ्याला टांगलेला झेंडा, किंवा मावशींचा तो पत्र्याचा तुकडा.

आणि काही फोटो रंगीतच राहू देत, वर म्हटलं तसं, जिथे रंगातच माहिती आहे तिथे. दोन टीम्सचे पाठीराखे एकाच बाकावर पेंगताना दिसले तर जर्सीचे रंग काढून तुम्ही फोटोतली सगळी गंमत मारून टाकता. फक्त एक करू नका, हात जोडून सांगते, सगळा फोटो काळा-पांढरा आणि त्यात एकच फुगा लालभडक. ते फिल्टर ज्याने बनवलं त्याला काय म्हणायचंय ते म्हणून घ्या, पण तुम्ही ते लावू नका.